एका मतदाराचं सार्वमत

दोडामार्ग,
ता. २२ डिसेंबर १९६६

चि. सौ. दुर्गास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. त्यात 'विलीनीकरण' हा शब्द तू तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला आहेस आणि तिन्ही चूक आहेत. येत्या सोळा जानेवारीला तुमचा अख्खा गोवा ज्या गोष्टीवर मत देणार, ती निदान लिहिता तरी यावी. फुलाच्या चित्रावर खूण म्हणजे गोवा महाराष्ट्रात, आणि दोन पानांवर खूण म्हणजे दिल्लीच्या हाताखाली वेगळाच. इतकं सोपं आहे. तुझ्या सासूबाईंनाही समजावून ठेव.

आता मुख्य बातमी. गेल्या रविवारी सातेरीच्या देवळात बाबू घाडीनं गावातर्फे गाऱ्हाणं घातलं. तुझा सत्यवान आणि माझी शुभदा यांचं लग्न दोन्ही घरांनी मनात धरलेलं आहे आणि तू वैशाखातला मुहूर्त म्हणते आहेस, हे मी बाबूच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, लग्नाचा काय सांगूचा देवीक?" मी जरा भरात होतो. मी बोलून गेलो. बाबूनं लगेच सूर लावला: "बाय माजे सातेरी, ह्या नाक्यावरची हद्द जायसर मास्तर पलतडी पाय घालूचो नाय, आणि मास्तराच्या चेडवाची वरातय जावची नाय. हद्द गेली काय दोनय एकदम जातली, असा कर गे बाये!" आणि चाळीस माणसं ओरडली, "होय म्हाराजा!"

म्हणजे आता देवीपुढे बांधला गेलो. पण काळजीचं कारण नाही. फूल येणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट आहे. महिन्याभरात हद्द जाईल आणि वैशाखात पोर वाजतगाजत तुझ्या घरी येईल. तोवर मला डिचोलीला येता येणार नाही, म्हणून पत्रानंच बोलू.

तुझी वहिनी रविवारपासून माझ्याशी बोलत नाही. शुभदा ठीक आहे.

तुझा,
विश्रामदादा


डिचोली,
ता. २९ डिसेंबर १९६६

ती. दादास,
दुर्गाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून डोक्यावर हात मारून घेतला. मत आमचं, लग्न आमच्या मुलाचं, आणि होय म्हाराजा तुमचं! अरे, तुला त्या मतदानात मत तरी आहे का? शेजारच्या घरी बारसं आणि नवस बोलणारा तू.

माझ्या सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं. नातसून पाहिल्याशिवाय डोळे मिटणार नाही म्हणतात. मी चुलीपुढे बसले की माझे गुडघे वाजतात. मला वैशाखात सून हवी आहे, दादा. ती मला मिळणार की नाही, हे आता पणजीत कोण काय मोजतो यावर ठरणार?

आमच्या घरात फुलाचीच हवा आहे. तुझ्या भावोजींनी फुलाचं चित्र दारावर लावलं, देवघरावर लावलं, माझ्या पाण्याच्या हंड्यावरसुद्धा चिकटवलं. सत्यवान सायकलवरून गावोगाव ओरडत फिरतो. घसा बसलाय, घरात खुणांनी जेवायला मागतो. तेव्हा आमच्या घरच्या चार मतांची चिंता तू करू नकोस.

एकच शंका. गोवा महाराष्ट्रात आला की तुमची दारूबंदीही इकडे येणार ना? मग तुझ्या गुडघ्याचं औषध मी कुठून पाठवू?

तू हद्द गेल्याशिवाय येणार नाहीस ना? मग मीही येत नाही. मानापमान आम्हालाही कळतात.

तुझी,
दुर्गा


दोडामार्ग,
ता. ५ जानेवारी १९६७

चि. सौ. दुर्गास, आशीर्वाद.

औषधाविषयी कृपा करून उघड्या कार्डावर लिहीत जाऊ नये. पोस्टमन सत्शील आहे, पण त्याचे डोळे चांगले आहेत.

इकडे 'हद्द विसर्जन समारंभ समिती' स्थापन झाली. अध्यक्षपद मी नको नको म्हणत असता माझ्याकडे आलं. निकाल लागला की सगळा गाव नाक्यावर जायचं, माझं भाषण (पाऊण तासाचं तयार आहे), मग पाचशे बुंदीचे लाडू वाटायचे. शिवा पाथरवटाला जांभ्याचा मोठा चिरा दिला आहे. त्यावर अक्षरं कोरायची: 'येथे पूर्वी हद्द होती.' नातवंडांना दाखवायला काहीतरी हवं. अक्षरं मी स्वतः आखून दिली, सुबक झाली आहेत.

काल सभेत बाळा शिंपी उठून म्हणाला, "मास्तर, पानां येली तर काय करूचा?" त्याला समितीतून काढण्यात आलं.

मतदानाला जाताना डोकं शांत ठेव. फूल डाव्या हाताला असो की उजव्या, चित्र बघून खूण कर. तू लहानपणापासून धांदरट आहेस.

तुझा,
विश्रामदादा


डिचोली,
ता. १७ जानेवारी १९६७

ती. दादास, सा. न.

काल मत देऊन आले. रांग देवळाच्या जत्रेसारखी. सासूबाईंना खुर्चीत बसवून नेलं. त्या आत जाऊन लगेच बाहेर आल्या आणि मोठ्यानं सांगत सुटल्या, "फुलार मारलें, फुलार!" अधिकारी डोक्याला हात लावून बसला.

माझी पाळी आली. कागद दिला आणि आडोशामागे जा म्हणाले. तिथं कोणी नव्हतं, दादा. हे नव्हते, सासूबाई नव्हत्या, तूही नव्हतास. एक फळी, एक कागद आणि मी. मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण बाहेरून कुणीतरी विचारलं, "बाई, झालं का?" म्हटलं, झालं.

धांदरटपणा केला नाही. चित्र नीट बघून खूण केली.

तुझी,
दुर्गा


दोडामार्ग,
ता. २२ जानेवारी १९६७

चि. सौ. दुर्गास, आशीर्वाद.

निकाल तुला कळलाच आहे. चौतीस हजारांवर मतांनी दोन पानं. तुमच्या डिचोलीनं फुलाची लाज राखली म्हणतात, पण तिचा काय उपयोग? मी तीन वेळा आकडे लिहून बेरीज करून पाहिली. बरोबर आहे.

आमचा समारंभ साधेपणाने पार पडला.

काल समितीची बैठक झाली. या निकालाचं काय करायचं यावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, दर वर्षी या दिवशी काळं निशाण लावावं. दुसऱ्याचं म्हणणं, दिल्लीला अर्ज करून पुन्हा मत घ्यायला लावावं. फूल येईपर्यंत घेतच राहावं. बाळा शिंपी खिडकीतून म्हणाला, "जां झाला तां झाला, गप रवा." त्याला खिडकीपासून काढण्यात आलं. माझं स्वतःचं मत असं की हा निकाल मी मानतच नाही.

लग्नाविषयी लिहायला हात धजत नाही. देवीपुढे चाळीस माणसांच्या साक्षीनं बोललेला शब्द आहे. हद्द तिथंच आहे. मी शब्द मोडला तर उद्या गावात कुणाला तोंड दाखवू? तुला थांबवत नसेल तर सत्यवानासाठी दुसरी मुलगी बघ. मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण सांगणार नाही.

हे सगळं कुणामुळे? ज्या करंट्यांनी त्या दोन पानांवर खूण केली, त्यांच्यामुळे. त्यांतल्या एकाचंही तोंड मी जन्मात पाहणार नाही.

तुझा,
विश्रामदादा


डिचोली,
ता. २९ जानेवारी १९६७

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

साधेपणाने पार पडला म्हणे! सत्यवान त्या दिवशी सावंतवाडीच्या बसमध्ये होता. त्यानं सगळं सांगितलं. पाचशे लाडू तयार, खाणार कोण? शेवटी तुम्ही नाक्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या बसमध्ये वाटलेत. दोन पानंवाले खिडकीतून हात काढून खात होते आणि विचारत होते, "कोणाचें बारसें?" आणि तुझा तो चिरा वहिनीनं मागच्या दारी कपडे धुवायला घेतलाय, हेही कळलं. अक्षरं सुबक आहेत म्हणे, साबण त्यांत अडकतो.

इतकं हसून घेतलं. आता इथून पुढचं तू डोळे मिटून वाच, कारण तोंड पाहणार नाही म्हणाला आहेस. दोन पानांवर मी खूण केली.

होय, मी. धांदरटपणानं नाही.

ऐक. मी चौदा वर्षांची होते. मला डिचोलीत द्यायचं की बांद्यात, यावर घरात एकमत होईना. मग बाबांनी देवीला कौल लावला. ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली आणि मी डिचोलीला आले. तू तिथं होतास, पाट तूच मांडलास. पाकळीला विचारलं, दादा. मला कुणी विचारलं नाही. त्यानंतर तीस वर्षं स्वयंपाकाला काय करू हेसुद्धा मीच विचारत आले. मला काही विचारलं असेल तर मीठ खंय आसा, एवढंच.

आणि त्या आडोशात पहिल्यांदा एक कागद मला विचारत होता, बाई, तुझं काय म्हणणं? फूल हे तुझं म्हणणं. ह्यांचं म्हणणं. सत्यवानाचं, सासूबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, आपलं काय आहे ते तरी बघू. मराठी माझीच आहे, तिला कोण नेतंय? पण हे घर, ही डिचोली मी रडूनभेकून आपली केली. ती आता कुणाच्या तरी ताटात लोणच्यासारखी कडेला वाढलेली मला बघवेना. चूक असेल, बरोबर असेल. माझं आहे.

घरात सांगितलं. सत्यवान दोन दिवस परत खुणांनी जेवायला मागत होता, पण आता घशामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तुझ्या भावोजींनी माझ्या हंड्यावरचं फूल काढून टाकलं होतं. दारावरचं ठेवलंय. तिघं हरले, एक जिंकली, आणि जिंकलेलीनं तिघांना रोजच्यासारखं वाढलं. सोलकढी जरा बरी केली.

आता मला एक सांग. वरात तू बांधलीस, देवीला तू गुंतवलीस, चाळीस जणांनी होय म्हटलं. शुभदेला विचारलंस?

तुझी करंटी,
दुर्गा


दोडामार्ग,
ता. ६ फेब्रुवारी १९६७

दुर्गा वन्सं,

शुभदा लिवता आसा, मी सांगतंय. तुमचा पत्र येल्यापासून घरातला माणूस बोलणा नाय. उरलेले लाडू तेवढे खातत. मागल्या दारी त्या चिऱ्यार जावन बसतत, माका कपडे धुवूक गावणा नाय. चार दिसांचे कपडे तुंबले. काय लिवलास तां माका कोण सांगणा नाय. एक तर परत पत्र धाडा नायतर माणूस धाडा.

तुमची,
माई वहिनी

ता.क. हे आईनं सांगितलेलं नाही. आत्ये, तुझं पत्र मी चोरून वाचलं. दोनदा. शुभदा.


दोडामार्ग,
ता. २० फेब्रुवारी १९६७

चि. सौ. दुर्गास,
दादाचे आशीर्वाद.

तीन आठवडे लिहिलं नाही. राग आला होता. मग राग गेला आणि लाज आली. लाजेचं मला फारसं वळण नाही, म्हणून वेळ लागला.

तू म्हणतेस मी पाट मांडला. मांडला. तू तेव्हा रडत नव्हतीस, म्हणून आम्हाला वाटलं तुला पसंत आहे. अठ्ठावीस वर्षांचा घोडा होतो मी, शाळेत पोरांना प्रश्न विचारायचा पगार घेत होतो. तुला विचारायचं डोक्यात आलं नाही.

तरी सुधारलो असं समजू नकोस. आधी मी देवळातच गेलो. म्हटलं, देवीनं शब्दातून मोकळं केलं की झालं, शुभदेला मध्ये आणायला नको. बाबू घाडीनं पाकळ्या लावल्या. उजवी पडेना, डावीही पडेना. दोन तास आम्ही बघत बसलो. शेवटी बाबू वैतागला. म्हणाला, "मास्तर, देवीक ह्यात बोलूचा नाय आसा. लगीन जेचा, तेका इचारा." मी म्हटलं, माझ्या बोलाचं काय? तर म्हणतो, "तुमच्या जिभेन बोलला ता तुमका बाधता, चेडवाक कित्या बाधात? तुमचो दंड तुमी भरा. एक नारळ, आणि हयसून डिचोलीपर्यंत चलत जावचा. गाडयेन नाय."

घरी आलो आणि ठरवलं, विचारायचं तर नीट विचारायचं. चारचौघांत विचारलं तर पोर मान खाली घालते आणि आपण ती होकार म्हणून मोजतो. तेव्हा तुझ्यासारखा आडोसा हवा. भाताच्या कणगीमागे फळी लावली. पेटीसाठी माईचा पितळी डबा घेतला. मतपत्रिका मी स्वतः काढली. फूल म्हणजे वैशाखात सत्यवानाशी लग्न, दोन पानं म्हणजे नको. फूल जरा मोठं काढलं जात होतं, ते खोडून सारखं केलं. याची नोंद घ्यावी.

मतदार एक. माई भांडायला उठली, "माका मत नाय? नऊ म्हयने मी व्हावलंय!" तिला मोठ्या मुश्किलीनं बाहेर बसवलं. शुभदा कणगीमागे गेली. बराच वेळ आली नाही. मी विचारणार होतो, "बाई, झालं का?" पण तुझं पत्र आठवलं आणि गप्प बसलो.

डबा उघडला. मतपत्रिकेवर दोन्ही चित्रं कोरी. खूण कुठेच नाही. मागच्या बाजूला मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं. आता मतपत्रिकेवर काही लिहिलं की ते मत बाद होतं, हा नियम आहे, आणि मी तसं जाहीर केलं. त्यावर माईनं डब्याचं झाकण ज्या रीतीनं आपटलं, ती पाहून मी नियम शिथिल केला. मजकूर जसाच्या तसा देतो:

"सत्यवान मला पसंत आहे. हे मला दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण वैशाखात नको. मला ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं करायची आहेत. मग येईन आणि डिचोलीच्या पोरांना मराठी शिकवीन. हद्द असली तरी चालेल. मला ती ओलांडता येते."

शुद्धलेखनाची चूक एकही नाही. मी शोधली.

तुला वैशाखात सून हवी होती, दुर्गा. ती मिळत नाही. दोष देऊ नकोस, निकाल आहे. आता तो तू कसा मानतेस, हे मला बघायचं आहे, कारण मला मानता आला नव्हता.

शिगम्याला येतो. पायी. गुडघ्याचं औषध तिथंच घेईन, म्हणजे नाक्यावर प्रश्न नको.

तुझा,
विश्रामदादा


डिचोली,
ता. १ मार्च १९६७

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि मी रागावले. खोटं कशाला सांगू? दुपारभर रागावले. माझीच भाची, मीच तिला शिकवलं विचारून घ्यायला, आणि पहिला दगड माझ्याच वैशाखावर! मनात आलं, मत बादच करायला हवं होतं. बघ, जिंकताना किती सोपं होतं.

संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं. सत्यवान लाल झाला. "पसंत आहे" ही ओळ परत वाच म्हणाला. परत वाचली. मग आणखी एकदा वाच म्हणाला. दोन वर्षं थांबशील का विचारलं, तर म्हणतो, दहा थांबेन. दहा नकोत, बाबा.

सासूबाईंना सांगायची भीती होती. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "दोन वर्सां? बरें मगे, दोन वर्सां मरूंक नाका." आणि उठून पेज मागितली.

तेव्हा शुभदेला सांग, निकाल मान्य. मन लावून शिक म्हणावं. माझे गुडघे दोन वर्षं वाजतील, वाजू देत. तुझ्या गुडघ्यांना तेवढीच सोबत. तिच्या मतपत्रिकेचा तो कागद मात्र टाकू नकोस. येताना घेऊन ये, मला ठेवायचा आहे.

तो घेऊन मी काय करणार विचारशील. दादा, तसा एक कागद मला त्या वेळी कुणी दिला असता, तर मी कुठं खूण केली असती, याचा मी तीस वर्षं विचार करत आले. चूल पेटवताना, सत्यवानाच्या वेळी अंथरुणावर पडले होते तेव्हा, तुझ्या घरून परत निघताना दर वेळी. काल रात्री तुझं पत्र उशाशी घेऊन निजले आणि खूण केली.

मी डिचोलीलाच आले असते.

पण विचारायला हवं होतंत.

शिगम्याला वाट बघते. नाक्यावरून सावकाश ये.

तुझी,
दुर्गा